पैनगंगेच्या पात्रातले बर्फाचे अक्षर

दगडावर सरळ रेघ असणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे नदीच्या पात्रात उतरल्याशिवाय उमगत नाही. पाणी सरळ रेघ ओढत नाही. ते वळते, घोटाळते, गरगरते. मऊ जागा सापडली की तिथे खोल शिरते, कठीण जागा आली की तिला वळसा घालून निघून जाते. निघोजला कुकडीने बेसॉल्टमध्ये घडवलेले रांजणखळगे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असतात. त्या गोलाईत, आतल्या आत फिरत गेलेल्या त्या कडांत पाण्याचा स्वभाव जसाच्या तसा उतरलेला आहे. म्हणूनच चंद्रपूरच्या पश्चिम-नैर्ऋत्येला, सुमारे १६ किलोमीटरवर, इरई नावाच्या गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात जो चुनखडक आहे, त्याच्या पाठीवरच्या रेघा पाण्याच्या नाहीत हे जाणत्या डोळ्याला प्रथमदर्शनीच कळावे. (इरई नावाची नदी चंद्रपूरला बिलगून वाहते, ती निराळी, हे गाव पैनगंगेकाठचे.) या रेघा समांतर आहेत. खडकाचा उंचसखलपणा त्या जुमानत नाहीत. वाटेत उंचवटा आला तर त्यावरून जातात, खोलगट भाग आला तर त्यातूनही आपली दिशा न सोडता पुढे सरकतात. हे काम अंगात प्रचंड भार असलेल्या, अतिशय सावकाश चालणाऱ्या आणि कशालाच वळसा न घालणाऱ्या एखाद्या शक्तीचे आहे. ती शक्ती म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या भूमीवरून सरकलेला बर्फ.

मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे नेणाऱ्या नागपूर-चंद्रपूरच्या मुलखात हिमाचा हा हस्ताक्षरनमुना असावा, याचा अचंबा क्षणभर वाटतो आणि तो वाटू द्यावा. पण अचंब्यावरच थांबलो तर या दगडाचा खरा रस आपल्या हाती लागत नाही. तो हाती लागतो एकेका रेघेपाशी थबकले की.

अशा घासलेल्या शिळेवर पहिल्यांदा दिसतात त्या ठळक खोबणी. बोट आडवे ठेवावे इतक्या रुंद असलेल्या काही, तर काही त्याहून मोठ्या. मग नजर स्थिरावली की त्यांच्या मधल्या जागेत त्यांच्याच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसू लागतात, आणि आणखी जवळ गेले, सूर्य तिरपा असला, तर त्या ओरखड्यांच्याही मध्ये केसाइतक्या सूक्ष्म रेघांचे जाळे उमटलेले दिसते. या तीन थरांच्या खाली, या सगळ्यांना सामावून घेणारी, खडकाच्या अंगावरची एक मंद चकाकी असते. खोबण आणि चकाकी या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच हाताने कशा केल्या, हा प्रश्न मोठा रमणीय आहे. फरशी बसवून झाल्यावर ती घासणारा कारागीर आधी भरड दगड लावतो, मग मध्यम, मग अगदी बारीक. भरडीने ओरखडे पडतात आणि बारकीने तेज चढते. हिमनदीच्या तळाशी ही सारी हत्यारे एकाच वेळी असतात. बर्फ स्वतः मऊ आहे, चुनखडकावर त्याची रेघ उमटणार नाही. पण त्याच्या तळाशी गोठून घट्ट बसलेले ग्रॅनाइटचे नि गारगोटीचे खडे खडकात रुततात, आणि त्यांच्याच घर्षणातून झालेले पिठासारखे चूर्ण त्या रुतलेल्या जागेला पुन्हा पॉलिश करीत जाते. रेघ पाडणे आणि रेघ उजळणे या एकाच वाटचालीतल्या दोन क्रिया आहेत.

आणि ही वाटचाल कोणत्या दिशेची? इथे सरळ रेघेचे सौंदर्य आपल्याला जरा सतावते. एखादा ओरखडा उत्तर-दक्षिण गेलेला असला तर बर्फ उत्तरेकडून दक्षिणेला गेला की दक्षिणेकडून उत्तरेला, हे रेघ एकटी सांगत नाही. तिला अक्ष असतो, मुख नसते. मुख शोधण्यासाठी सोबतच्या खुणा पाहाव्या लागतात. कधी रेघ एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला खिळ्याच्या डोक्यासारखी रुंद होऊन अचानक थांबते. कधी खडकाचा उंचवटा एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला असतो आणि दुसऱ्या बाजूने उपटल्यासारखा खडबडीत. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ज्याला मेषशिला म्हणतात ती हीच, आणि तिची गुळगुळीत बाजू नेहमी बर्फ आला त्या दिशेला असते. कधी चंद्रकोरीच्या आकाराच्या चिरा ओळीने पडलेल्या दिसतात. या चंद्रकोरी फार फसव्या असतात. त्यांचे काही प्रकार असे आहेत की शिंगे एकात बर्फाच्या उगमाकडे वळलेली, तर दुसऱ्यात नेमकी उलट. म्हणून जाणकार शिंगांवर भरवसा ठेवत नाही. त्या चिरेचा उताराचा पृष्ठ आत कुठे झुकला आहे ते तो बोटाने चाचपतो, कारण तो झुकाव बर्फाच्या चालीच्या दिशेला असतो. केवढे हे तारतम्य! एखाद्या जुन्या चिजेत समेवर येण्याआधीचा अर्धा स्वर ऐकून घराणे ओळखणाऱ्या श्रोत्याच्या तोडीचे हे चाचपणे आहे, असे मला मनापासून वाटते.

या वाचनात एक शंका सतत जागी ठेवावी लागते. खडकाचे दोन भाग भ्रंशरेषेवर एकमेकांना घासून सरकले तरी समांतर ओरखडे पडतात आणि चकाकीही येते. मग इरईचे ओरखडे भूकंपाचे नाहीत कशावरून? उत्तर त्या ओरखड्यांच्या वर पसरलेल्या थरात आहे, आणि तिथे आपण आता वळू. कारण शिळा जितकी वाचनीय आहे, तितकेच तिच्यावरचे पांघरूणही.

चुनखडकाच्या या फरसबंदीवर जो थर बसला आहे त्याला भूवैज्ञानिक तालचीर म्हणतात. ओडिशातल्या तालचेर संस्थानावरून पडलेले हे नाव. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा थर गबाळा वाटतो. बारीक चिखलात खडे, गोटे, धोंडे वाटेल तसे खुपसलेले. मुठीएवढ्या खड्याशेजारी माणसाला कवेत न मावणारा धोंडा, गुळगुळीत गोट्याला खेटून धारदार कंगोऱ्यांचा तुकडा, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा चिखल मात्र अत्यंत मुलायम. पाणी असे कधी करीत नाही. पाणी निवड करते. मोठे धोंडे आधी टाकते, मग वाळू, मग गाळ, आणि प्रत्येकाला आपापल्या वजनाप्रमाणे जागा नेमून देते. बर्फाला ही निवड ठाऊक नाही. वाटेत जे सापडेल ते तो उचलतो, पोटात घेतो आणि वितळेल तिथे सारे एकदम सोडून देतो. या थराचा गबाळेपणा म्हणजे बर्फाची निःपक्षपाती वृत्ती आहे, आणि एकदा हे लक्षात आले की तो गबाळा वाटेनासा होतो. त्यातल्या प्रत्येक धोंड्याचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातले काही धोंडे ज्या जातीच्या खडकाचे आहेत, तो खडक आसपास कुठेही नाही. काहींची एखादी बाजू घासून सपाट झालेली आणि त्या सपाटीवर पुन्हा तसेच समांतर ओरखडे. म्हणजे ज्या हत्यारांनी खालची शिळा घासली, ती हत्यारे शिळेने उलट घासलेल्या अंगांसह तिथेच, कामाच्या जागेवर ठेवलेली आहेत. भूकंपाच्या शंकेला याहून निर्णायक उत्तर कोणते असणार?

पण मला या थरात सर्वांत मोह पडतो तो त्याच्या रंगाचा. तालचीरचा चिखल हिरवट असतो; शेवाळी, मळकट, ऑलिव्हच्या फळासारखा. विदर्भातल्या मातीचे रंग आपल्याला परिचित आहेत: कापसाची काळी, जांभ्याची तांबडी, मुरुमाची पिवळट. या मातींचे रंग ऊन-पावसाने खडकातल्या लोहाला आणि खनिजांना कुजवून, गंजवून आणलेले असतात. तालचीरच्या हिरव्या चिखलातले लोह त्या मानाने न गंजलेले, जसे दळले गेले तसेच राहिले आहे. त्याच्याबरोबर सापडणाऱ्या वालुकाश्मात फेल्डस्पारचे कण ताजे असतात, हे जुन्या भूवैज्ञानिकांनी आवर्जून लिहून ठेवले. उष्ण आणि दमट हवेत फेल्डस्पार टिकत नाही, त्याची माती होते. तो टिकला याचा अर्थ त्या काळची हवा इतकी थंड होती की दगड दळला गेला, पण सडला नाही. त्या गारठ्याचे तापमान मोजणारे कोणतेही यंत्र नव्हते. पण एका हिरव्या छटेत आणि एका पांढुरक्या कणात तो ऋतू शाबूत राहिला. या थराच्या वरच्या बाजूला येणारा शेल नावाचा चिखलाचा खडक हाताने फोडला तर सुयांसारख्या लांबट काड्यांत मोडतो, म्हणून त्याला सुईशेल म्हणतात. तो बोटांत कुस्करताना आपण हिमनदीच्या मुखापुढच्या शांत पाण्यात वर्षानुवर्षे निवळत गेलेला गाळ कुस्करत असतो.

हे सारे प्रथम कुणी वाचले? १८५६ साली विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू आणि विल्यम थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचेर कोळसाक्षेत्राचे वर्णन करताना तिथल्या धोंड्यांच्या थराचे मूळ बर्फात असावे असे सुचवले. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीच्या जवळ बर्फ! सूचना धाडसी होती, आणि ओरखडलेला तळ तेव्हा हाताशी नव्हता. तो मिळाला तो आपल्या विदर्भात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले फ्रान्सिस फेडन यांनी इरईजवळ ओरखडलेले धोंडे आणि त्यांच्याखाली घासून चकचकीत झालेला, खोबणी पडलेला चुनखडक पाहिला आणि १८७५ मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केले. त्या टिपणाच्या शीर्षकात त्यांनी पाण्याच्या तळाशी धरणारा बर्फ असा सावध शब्दप्रयोग केला आहे. भूमीवर पसरलेल्या अखंड हिमस्तरापर्यंत त्यांची लेखणी गेली नाही. जितके दगड सांगतो तितकेच बोलायचे, ही त्या काळच्या सर्वेक्षकाची शिस्त मला अतिशय हृद्य वाटते. पुढे १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी याच इरईच्या फरसबंदीवर आणि तिच्यावरच्या धोंड्यांच्या थरावर शोधनिबंध लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात तालचीर हिमयुगाचा पुरावा असे स्वच्छ लिहिता आले. दोन शीर्षकांच्या मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत शिळा तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याचा धीर वाढला.

आणि हा धीर केवळ इथल्या दगडाने दिला नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात इन्मन खोऱ्यात ए. आर. सी. सेल्विन यांना १८५९ मध्येच अशी घासलेली शिळा दिसली होती. दक्षिण आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये त्याच वयाचे थर सापडत गेले. नकाशावर या सगळ्या रेघा मांडल्या तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट समोर आली: ऑस्ट्रेलियात आणि ब्राझीलमध्ये बर्फ जिथून आल्यासारखा दिसतो तिथे आज खोल समुद्र आहे. समुद्रातून हिमनदी जमिनीवर चढत नाही. १९१५ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असे ग्रंथरूपाने मांडले, तेव्हा या विखुरलेल्या ओरखड्यांना त्यांनी मोठे मानाचे स्थान दिले. खंड पुन्हा एकत्र आणून ठेवले की सगळ्या रेघा दक्षिण ध्रुवाभोवतीच्या एकाच विराट हिमप्रदेशातून बाहेर पडताना दिसतात, आणि ज्या गोंडवन भूमीचे नाव त्या एकत्रित खंडाला मिळाले, त्या भूमीतली इरईची शिळाही त्या रचनेत आपल्या जागी चपखल बसते. पैनगंगेतल्या बोटभर रुंदीच्या खोबणीचे दुसरे टोक असे पृथ्वीच्या घडणीपर्यंत पोहोचते.

बर्फ होता, मग त्याच्या शेजारी समुद्र होता का? मध्य भारतात, कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न सुचणेसुद्धा कठीण. पण छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या पात्रात तालचीरच्याच थरांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म आहेत, आणि त्यांत युरिडेस्मा नावाचा जाड कवचाचा शिंपला आहे, जो थंड पाण्याचा रहिवासी म्हणून ओळखला जातो. मध्य प्रदेशातल्या उमरियालाही समुद्री जीवाश्मांचा थर १९२१ मध्ये उजेडात आला. म्हणजे बर्फ मागे सरत होता तेव्हा समुद्राची एक चिंचोळी जीभ आजच्या मध्य भारतात आत शिरली होती. ध्रुवप्रदेशालगतचा किनारा, त्यावर संपणाऱ्या हिमनद्या, सुटून तरंगत जाणारे हिमखंड: हे दृश्य आपल्या नर्मदा-सोन-महानदीच्या प्रदेशात घडून गेले. तालचीरच्या बारीक, पातळ पापुद्र्यांच्या गाळात कुठे कुठे एकटाच धोंडा बसलेला असतो. त्याच्या खालचे पापुद्रे वाकलेले आणि वरचे त्याला अलगद झाकत गेलेले. तरंगत्या बर्फातून सुटलेला तो धोंडा शांत गाळावर वरून पडला. त्या वाकलेल्या पापुद्र्यांत एका क्षणाचा आघात आहे. तीस कोटी वर्षांच्या हिशेबात एक क्षण इतका स्पष्ट उरावा, यापरते विलोभनीय काय असेल?

हे सारे घडताना कसे दिसते ते आजही पाहता येते, आणि ते पाहायला भारतीय भूवैज्ञानिक खरोखर गेले. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमाच्छादित खंडावर उतरली. दुसऱ्या मोहिमेचे नेतृत्व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी केले. ज्या संस्थेतल्या फेडननी पैनगंगेत वाकून ओरखडे पाहिले, त्याच संस्थेची माणसे शतकभराने शिर्माकर नावाच्या उघड्या भूभागावर वाकून तसेच ओरखडे मोजू लागली. शिर्माकर ही जागा नकाशावर अगदी चिमुकली: सुमारे ३५ चौरस किलोमीटर, पूर्व-पश्चिम पसरलेली, ठेंगण्या टेकड्यांची. तिच्या दक्षिणेला खंडाचा अवाढव्य हिमस्तर, उत्तरेला समुद्रावर तरंगणारा हिममंच, आणि मध्ये शंभरांहून अधिक तळी. प्रियदर्शिनी तळ्याकाठी आपले मैत्री हे संशोधनकेंद्र १९८९ पासून उभे आहे.

शिर्माकरचा हिमभूरूपांचा नकाशा रसिकाने एखाद्या लघुचित्रासारखा न्याहाळावा. त्यावर ओरखड्यासाठी छोटीशी रेघ असते. दिशा निश्चित कळली असेल तरच तिला बाण मिळतो, नाहीतर ती नुसती रेघ राहते, आणि या संयमात नकाशाकाराचे चारित्र्य दिसते. हिमोढांसाठी, म्हणजे बर्फाने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांसाठी, ठिपके, मेषशिलांसाठी निराळी खूण, परक्या धोंड्यांसाठी निराळी. तळ्यांचा निळा रंग एकच दिसतो, पण तळी एकसारखी नसतात: हिमस्तराच्या पायथ्याशी त्याच्याच वितळत्या पाण्यावर जगणारी एक जात, टेकड्यांच्या कुशीत कोंडलेली दुसरी, आणि उत्तरेच्या कडेला हिममंचाला टेकलेली तिसरी. या तिसऱ्या जातीच्या तळ्यांची कथा अद्भुत आहे. खुला समुद्र तिथून कितीतरी दूर, हिममंचाच्या पलीकडे. तरीही समुद्राची भरती-ओहोटी मंचाखालून या तळ्यांना जाणवते आणि त्यांची पातळी वरखाली होते. जिथे समुद्र दिसत नाही तिथे किनारा कुठे काढायचा? नकाशाकाराने तिथे ओढलेली प्रत्येक रेघ हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

आणि प्रकाशही तिथे वाचकाला साथ देतो. डिसेंबर-जानेवारीत शिर्माकरवर सूर्य मावळत नाही. मध्यरात्री तो क्षितिजालगत रेंगाळतो. भर दुपारी दिसेनासा झालेला ओरखडा त्या आडव्या उजेडात सावली धरून उठून येतो. इरईला हेच काम सकाळचे आणि सायंकाळचे ऊन करते.

शिर्माकरहून पूर्वेला, लार्समन टेकड्यांवर भारताचे आणखी एक केंद्र, भारती, २०१२ मध्ये सुरू झाले. तिथून फार दूर नाही असा लॅम्बर्ट हिमनदीचा प्रदेश, जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. तिच्या बाजूच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतात पर्मियन काळाचे कोळशाचे थर आहेत. जुन्या खंडांची जुळणी करणारे अनेक भूवैज्ञानिक लॅम्बर्टची ही खचदरी आपल्या महानदीच्या खोऱ्याला जोडून ठेवतात, आणि तालचेर आहे ते महानदीच्याच खोऱ्यात. बर्फाने जिथे पहिल्यांदा ओळख दिली ती ओडिशाची भूमी आणि जिथे तो आजही नांदतो तो किनारा, हे एकेकाळचे शेजारी. भारती केंद्राच्या खिडकीतून दिसणारा हिमखंडांचा समुद्र हा म्हणूनच मला परका वाटत नाही. तालचीरच्या थरात आपण जे शब्दाशब्दाने वाचतो ते तिथे अजून उच्चारले जात आहे.

या कथेत नागपूरचे स्थान एका पानाने सांगता येईल. बर्फ सरला आणि त्याने दळून ठेवलेल्या त्याच खोऱ्यांत वने उगवली. ती गाडली जाऊन बल्लारपूर, घुग्घूस, वणीचा कोळसा झाला, ज्यावर विदर्भाचे बरेच अर्थकारण उभे आहे. त्या वनांतल्या प्रमुख झाडाचे, ग्लॉसॉप्टेरिसचे, जिभेच्या आकाराचे आणि मधल्या शिरेपासून जाळीदार शिरा फुटलेले पान नागपूरजवळच्या कामठीच्या वालुकाश्मात उमटलेले आहे. नागपुरात राहून रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात इथले वनस्पतिजीवाश्म जमवले आणि चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यानंतर अर्धशतकाने, फेब्रुवारी १९१२ मध्ये, दक्षिण ध्रुवावरून परतणाऱ्या रॉबर्ट स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांनी बिअर्डमोर हिमनदीच्या हिमोढात थांबून सुमारे १६ किलो दगड गोळा केले. अन्न संपत आले होते, पाय गोठले होते, तरी ते दगड त्यांनी टाकले नाहीत. पुढे त्यांच्या मृतदेहांजवळच ते सापडले. अल्बर्ट सेवर्ड यांनी १९१४ मध्ये त्यांतली पाने ओळखली: ग्लॉसॉप्टेरिस. कामठीचे पान आणि ध्रुवाच्या वाटेवरचे पान एकाच कुळातले. हिस्लॉपच्या नावाच्या महाविद्यालयावरून रोज जाणाऱ्या नागपूरकराला आपल्या गावाचे हे आप्तसंबंध माहीत असावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

आता पुन्हा त्या शिळेकडे, कारण तिच्याविषयी एक काळजी सांगायची आहे. अशा रेघा तीस कोटी वर्षे टिकल्या त्या उघड्या राहून नव्हे, तर झाकलेल्या राहून. वरच्या हिरव्या चिखलाने त्यांना ऊन-पावसापासून जपले. पैनगंगेने ते पांघरूण ओढून काढले म्हणून त्या आपल्याला दिसल्या. पण नदी जे उघडते ते पुसूही लागते. चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळतो. पुराबरोबर येणारी वाळू त्याला पाण्याच्या पद्धतीने, गोल गोल, घासते. चकाकी आधी जाते, मग केसाएवढ्या रेघा, मग ओरखडे, आणि शेवटी उरतात त्या फक्त मोठ्या खोबणी. हा सारा प्रदेश कोळशाच्या खाणींचा आणि चुनखडकावर चालणाऱ्या सिमेंट कारखान्यांचाही आहे. शिर्माकरच्या एकेका धोंड्याला आपण नकाशावर जागा दिली. तितक्याच बारकाईचा, प्रत्येक ओरखड्याची दिशा, लांबी आणि स्थान नोंदवणारा नकाशा आपल्या दारातल्या या फरसबंदीचा वेळोवेळी नव्याने व्हायला हवा. त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था नागपुरातच आहेत: सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, भारतीय खाण ब्युरो आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींची एक तुकडी उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, कागद, कंपास आणि कॅमेरा घेऊन इथे आली तरी बरेच काम होईल.

आणि आपण, जे भूवैज्ञानिक नाही, त्यांनीही अशी शिळा एकदा तरी डोळे भरून पाहावी. नदीचे पाणी ओसरलेले असताना, गावातल्या जाणत्या माणसाला विचारून, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावे. सूर्य समोर येईल असे उभे राहावे, म्हणजे रेघा सावली धरतात. हाताने हलकेच चाचपून दिशा शोधावी. धोंडा उचलून घरी आणू नये, खडकावर नाव कोरू नये, आणि हातोडा तर बरोबर नेऊच नये.